‘येस्टरडे’ची चुलत भावंडं

परवा कात्रपच्या घरी स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजची लायब्ररी आठवली.

मोरिवलीच्या आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. हौसेने इंग्रजी विषय घेतला, पण वर्गात तोंड उघडायची भीती वाटे. शेवटी विषय बदलायचा अर्ज लिहिला आणि सहीसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या सिंधी मॅडमना शोधत लायब्ररीत गेले.

त्यांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. “बैठ. पहले ये देख.” त्यांच्यासमोर भला जाडा शब्दकोश होता. त्यातूनही तोच वास येत होता. त्यांनी ‘येस्टरडे’ काढला. त्यांचं बोट जुन्या इंग्रजीवरून जर्मनमधल्या ‘गेस्टर्न’वर, मग लॅटिनमधल्या ‘हेरी’वर सरकलं आणि एका संस्कृत शब्दापाशी थांबलं.

“ये क्या लिखा है? मेरेको संस्कृत नहीं आता, बाबा.”

“ह्यः,” मी म्हणाले. “म्हणजे काल. शाळेत पाठ केलंय, मॅडम.”

“अरे वा! सगळे एकाच घरातले निघाले की. अपनी चचेरी बहन से डरती है तू?” त्या मोठ्याने हसल्या. “बोल, साइन करू?”

मी अर्ज परत घेतला.

तेव्हा मला वाटलं होतं, मॅडमना तो शब्द खरंच येत नव्हता. आता मीही इंग्रजी शिकवते. मागच्या बाकावर कोणी मान खाली घालून बसलेलं दिसलं की मलाही एखादा शब्द अचानक येईनासा होतो.