सांबरशिंगाची मूठ

ज्या सुरीमुळे या तालुक्यात माझं नाव झालं, ती मी करून घेतलेली नव्हती. ती एका धनगराची होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवीला सांगायची गरज नव्हती. सगळं तिच्या पुढ्यातच झालं.

मी तहसील कचेरीत पेशकार. तहसीलदारसाहेबांपुढे कागद ठेवायचे आणि उचलायचे, हे माझं काम. कुठला कागद वर ठेवायचा आणि कुठला खाली दाबायचा, एवढीच माझी सत्ता. पण खेड्यातून पायी आलेल्या माणसाला तेवढीसुद्धा पुरून उरते.

त्या वर्षांत आमच्या कसब्यात सुऱ्यांचा शौक शिरला होता. शौक हा आमचा शब्द. घरच्या बायका त्याला दुसरं काही म्हणत, आणि त्याच बरोबर होत्या. संध्याकाळी देशमुखांच्या सदरेवर जमायचं, पान लावायचं, मग कुणीतरी रुमालातून सुरी काढायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. बाजारातून विकत आणलेल्या मालाला तिथे जागा नव्हती. लोहाराला समोर बसवून, आपल्या मनासारखी, आपल्या हाताच्या मापाची घडवून घेतली तरच ती सुरी. त्या हाताला काम काय, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे.

देशमुखांकडे अशा सुऱ्यांनी भरलेली पेटीच होती. एकीची मूठ हस्तिदंती, एकीची मोराच्या मानेसारखी वळलेली, एक तर काठीच्या पोटात लपवलेली. या हत्यारांनी उभ्या जन्मात काही कापलं असेल तर पेरू, आणि तोही पिकलेला. नखं काढायला देशमुखांकडे न्हावी येई. वकील आमच्यातले जाणकार. हैदराबादेला राहून आले होते, म्हणून त्यांना फौलादातलं कळतं असं ठरून गेलं होतं. ते पात्यावर अंगठा आडवा फिरवत, डोळे मिटत आणि कढी चाखल्यासारखं तोंड करून म्हणत, "पाणी बरं दिलंय." एकदा त्यांचं खरंच बोट कापलं, तर जखम भरून आल्यावरही पट्टी बांधून हिंडले.

मी या सगळ्यांत खालचा. मला जाजमाची कड मिळे. घरी येऊन मी त्यांच्या नकला करीत असे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जाजमावर वर सरकायला सांगावं म्हणून जीव टाकीत असे.

खंडेनवमीला सदरेवर शस्त्रांची पूजा व्हायची. प्रत्येकाने त्या वर्षात घडवून घेतलेली एक नवी सुरी आणायची, असा रिवाज देशमुखांनी पाडला होता. सगळ्यांत उजवी ठरेल ती मधल्या पाटावर, देवीच्या अगदी पुढ्यात. ती ज्याने घडवली त्या लोहाराला फेटा, आणि जिची असेल त्याला देशमुखांच्या शेजारी बैठक. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

त्या साली माझ्याकडे सुरी नव्हती. गावचा लोहार पावसाळाभर नांगराचे फाळ आणि कुळवाच्या पासा तापवून, ठोकून धारेला लावण्यात गुंतलेला. बलुतं शेतकरी घालतात, पेशकार घालीत नाही, हे त्याने मला तोंडावर सांगितलं. शिवाय तो विचारायचा, "सायेब, कसली करू ते तर सांगा." ते मला सांगता येत नव्हतं. मला सुरी नको होती. मला बैठक हवी होती.

अशात शिरूर कासारच्या बाजूचा एक धनगर मेंढ्यांच्या चराईचा परवाना मागायला कचेरीत आला. खांद्यावर घोंगडं, आणि कमरेला सुरी. कचेरीत हत्यार कशाला, म्हणून मी दरडावलं, तर त्याने ती काढून जमिनीवर ठेवली. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी वाकून उचलली.

अरुंद, निमुळतं पातं, जेमतेम करंगळीएवढं रुंद. मूठ बाभळीची, लोकरीच्या दोरीने गुंडाळलेली आणि त्याच्या अंगठ्याने एका जागी खोलगट झिजलेली. सिरसाळ्याच्या लोहाराकडून करून घेतली, म्हणाला. भट्टीपाशी दिवसभर बसून, पुन्हापुन्हा बारीक करायला लावून. कशाला एवढी बारीक, असं विचारलं तर म्हणाला, मेंढीचं पोट फुगलं की डाव्या कुशीच्या खळग्यात खुपसावी लागते, वारा निघून जातो आणि मेंढी उठून उभी राहते. रुंद पात्याने आतडं फाटतं. बाकी खूर तासायला, नाळ कापायला, भाकरीबरोबर कांदा चिरायला हीच.

सदरेवर इतके दिवस मी माना डोलावत आलो होतो, पण आपल्या कामासाठी आपल्या मापाची करून घेतलेली सुरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आणि मला ती हवीशी झाली.

मी म्हणालो, नमुन्याला ठेवून जा, लोहाराला दाखवायची आहे. तो घुटमळला. मी त्याची दरख्वास्त हळूच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. त्याने ते पाहिलं. नवरात्र संपायच्या आत द्या सायेब, एवढंच म्हणून तो निघून गेला. परवाना त्याला मिळाला. मी अगदीच बेइमान नव्हतो, असं त्या वेळी मनाला समजावलं.

लोहाराने त्या नमुन्यावरून पहिली केली, ती सुताराच्या वाकसासारखी जाड झाली. दुसरी पाणी देताना चिरली. नवरात्र बसलं. मी त्याला म्हणालो, राहू दे, याच पात्याला नवी मूठ बसव, सांबरशिंगाची. तो माझ्याकडे बघून हसला.

"आयत्या बिळावर नागोबा, सायेब."

"फेटा तुला मिळंल की," मी म्हणालो.

हसणं थांबलं. लोहार मोठा बढाईखोर होता, आणि फेटा त्याला आजवर मिळाला नव्हता. त्याने जुनी मूठ भट्टीत टाकली. वर्षानुवर्षं लोकरीचं तेल प्यालेली, भडकन पेटली.

खंडेनवमीला माझी सुरी मधल्या पाटावर गेली. वकिलांनी ती उजेडात धरली, उलटी, आणि तारीफ सुरू केली. मुठीजवळ पात्याला एक बारीक खाच होती. ती पाहून तर ते रंगातच आले. म्हणाले, ही खाच बघा, शत्रूचं पातं हिच्यात अडकवून मोडायचं, जुन्या उस्तादांची कल्पना. पेशकार, तुम्हांला हे सुचलं कसं? मी खाली मान घालून हसलो. तेवढं हसणं पुरलं. लोहाराला फेटा बांधला गेला, मला देशमुखांशेजारी बोलावणं झालं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा पडल्या. आत पाट्यावर पुरण वाटलं जात होतं.

तेवढ्यात तो धनगर पळत आला. सदरेच्या पायरीपाशी थांबला, वर चढला नाही. पहाटे त्याच्या मेंढ्या गावामागच्या मटकीत शिरल्या होत्या. दवाने भिजलेला हिरवा पाला खाऊन एकामागून एक फुगत चालल्या होत्या. परवान्याच्या आशेने त्याने सुरी दिली आणि दुसरी केली नव्हती, कारण नवरात्र संपायच्या आत मिळणार होती. एका मेंढीला त्याने विळ्याच्या टोकाने भोसकून पाहिलं, ती मेली. तो माझ्या घरी गेला, घरून त्याला इथे पाठवलं. यातलं मेंढ्यांचं तेवढं त्याने धापा टाकत सांगितलं. आपली सुरी कुणाकडे दिली होती ते मात्र सांगितलं नाही. माझी अब्रू राखली, असं आता वाटतं. बायको आणि पोरगी मेंढ्यांची डोकी वर धरून बसल्यात, कुटलीबी बारीक सुरी द्या, एवढंच त्याचं मागणं.

देवीपुढे सुऱ्यांची रांग लागली होती. देशमुख म्हणाले, पूजलेलं हत्यार उद्या उठतंय, आज उचललं तर घराला वर्षभराची पीडा. वकील म्हणाले, अरे, देवीपुढची सुरी मेंढीच्या पोटात घालतोस होय? आणि दोघे आपापल्या बोलण्यावर खूश झाले. ज्यांनी एकादशीला गुपचूप कांदा खाल्लेला मी पाहिला होता, ते हे लोक. पण त्या दिवशी धर्म फार स्वस्तात पाळता येत होता. मरणाऱ्या मेंढ्या दुसऱ्याच्या होत्या.

तेव्हा त्याची नजर मधल्या पाटावर गेली.

"सरकार, ती मधली माजी हाय."

देशमुख हसले. "पेशकाराची सुरी तुजी कशी बे?"

"मूठ बदललीया. पातं माजं हाय. ती खाच हाय न्हाई का, ती कुत्र्याच्या पट्ट्याचा खिळा उपटताना पडलीया."

धनगराच्या कुत्र्याला लांडग्यापासून राखायला खिळ्यांचा पट्टा घालतात. तिथे बसलेल्या सगळ्यांनी तो पाहिलेला होता. पण धनगराचं खरं मानलं तर जुन्या उस्तादांची कल्पना म्हणून वकिलांनी जिची तारीफ केली ती नुसती मोडतोड ठरत होती, देशमुखांनी बांधलेला फेटा फुकट जात होता, आणि लोहाराच्या डोक्यावरून तो उतरत होता. खरं कुणालाच परवडणारं नव्हतं. वकिलांनी लोहाराला विचारलं. त्याने फेटा सारखा केला.

"म्याच केली. खाचबी म्याच ठिवली. आन् ह्यो कोन आला इच्यारनारा?"

धनगर त्याच्याशी भांडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, घाई होती.

"सायेब, तुमीच सांगा. तुमी न्हाई म्हनलं तर न्हाई माजी."

कचेरीत इतकी वर्षं मी माणसांना शपथेवर खोटं बोलताना ऐकत आलो आहे. ते थोडे तरी अडखळतात. मी अडखळलो नाही.

"माझीच आहे. मी करून घेतलेली आहे."

तो म्हणाला, "मंग माजीच चूक झाली." त्याने पायरीवरूनच देवीला हात जोडले आणि आला तसा पळत गेला. पाटावर झडप घालून त्याने सुरी उचलली असती तर आमच्यापैकी एकाचीही त्याला आडवं जाण्याची छाती नव्हती. कुणी धनगर असं करणार नाही, हे आम्हांला ठाऊक होतं. सगळी सदर त्याच भरवशावर बसलेली होती.

मागून वकील म्हणाले, हल्ली धनगरसुद्धा शौक करायला लागले. आणि सगळे हसले. मीही हसलो. मग पानं मांडली. पुरणपोळीवर तुपाची धार धरली गेली, आणि देशमुखांनी स्वतःच्या हाताने मला दुसरी पोळी वाढली. मी ती खाल्ली. घास अडकला वगैरे काही झालं नाही. असं लिहायची पद्धत आहे, पण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनं लुटायला आमची मंडळी वाजतगाजत मटकीच्या शेताजवळून गेली. बांधाला मेंढ्या पडलेल्या होत्या, पोटं ढोलासारखी ताणलेली, गाभण होत्या त्यांचीही. बहुतेक कळप गेला होता. देशमुखांनी नाकाला उपरणं लावलं आणि मटकीच्या नुकसानीचं काहीतरी बोलले. धनगर एका मेंढीची लोकर कातरत होता. मेलेलीची. त्याने वर पाहिलं नाही, आणि मला पाहावं लागू नये म्हणून मी शेजाऱ्याशी बोलायला लागलो.

उरलेली चार जनावरं विकून तो नेकनूरकडे गेला. ज्याच्या बापजाद्यांनी कधी दुसऱ्याच्या दावणीचं शेण उचललं नाही, तो तिथे एका शेतकऱ्याकडे सालदार राहिला. हे मला दौऱ्यावर कळलं. मग एकदा नेकनूरच्या बाजारात तो समोर आला. केस पांढरे झालेले, हातात दुसऱ्याच्या बैलांचा कासरा. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उलट दटावता आलं असतं. त्याने नुसता रामराम घातला, कचेरीतल्या माणसाला घालतात तसा, आणि बैल बाजूला ओढून मला वाट करून दिली. मी त्या वाटेने पुढे गेलो.

देशमुखांचा शौक पुढे सुऱ्यांवरून कबुतरांवर गेला. वकील अजूनही फौलादावर बोलतात. ऐकणारे बदलले आहेत. लोहार लग्नसराईत तो फेटा बांधतो, पार विटला तरी. सुरी माझ्या घरी आहे. मी तिने पेरू कापतो. सुरी उत्तम आहे, पेरूला तिची गरज नाही.

मेंढ्या मला परत करता येणार नाहीत. त्यांची किंमत देऊ केली तरी ती त्याच्या हातात ठेवताना मी पुन्हा पेशकारच असेन. पण तो जिवंत आहे, नेकनूरला आहे, आणि देशमुख, वकील, लोहार हेही सगळे हयात आहेत. त्याला त्याची सुरी द्यायची आहे; आणि ती त्याचीच होती, मी खोटं बोललो, हे देशमुखांच्या सदरेवर, त्याच लोकांच्या समोर, त्याला पायरीवर नाही तर जाजमावर बसवून सांगायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.