आईच्या हातात साठलेलं पाणी

आईच्या स्तनातली गाठ काढली, तेव्हा काखेतल्या ग्रंथीही काढल्या होत्या. पुढे वर्षभर ती बरी होती. मग उन्हाळ्यात तिचा उजवा हात सुजायला लागला. ब्लाउजची बाही दंडात रुतायची, बांगड्या चढेनात.

आजार उलटला, हेच आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांच्या मनात आलं. तपासण्या झाल्या. गाठ नाही, हृदय ठीक, किडनी ठीक. आनंद मानावा की घाबरावं, मला कळेना. आमच्या घराजवळच्या दुर्गाघाटच्या मालिशवालीने गरम सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलाने हात रगडला, तशी सूज आणखी वाढली.

शेवटी एका हिंदीभाषक फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. बाबांनी विचारलं, "इतना पानी आता कहाँ से है?"

"आता तो सबको है, पंडितजी. इनका लौट नहीं रहा."

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत पाझरतं. ते पाणी, म्हणजे लसीका, बारीक लसीकावाहिन्या गोळा करतात, ग्रंथींतून गाळत गळ्याशी नेतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या स्वतःच्या आकुंचनाने आणि आपल्या हालचालीने पाणी पुढे सरकतं. आईच्या काखेतली वाटच कापली गेली होती.

मला वाटलं, समजलं. मग त्या म्हणाल्या की हात फिरवायला गळ्यापासून सुरुवात करायची, तीही अगदी हलक्या हाताने. मी पुन्हा गोंधळले. सूज मनगटाला आणि सुरुवात गळ्याला? आधी पुढची जागा मोकळी करायची, असं त्यांनी सांगितलं.

माझा हात जड पडायचा. बाबांचा बरोबर पडला. जन्मभर पौरोहित्य केलेले बाबा रोज सकाळी आईच्या गळ्यावरून बोटं फिरवू लागले. त्यांनी आईला हात लावलेला मी कधी पाहिलाच नव्हता. कुठे बघावं ते मला कळायचं नाही.

"अहो, दुखतंय हात, आणि तुम्ही गळा काय चोळताय?" आई म्हणायची.

"मलाही कळत नाही. तू गप्प बस."

पट्ट्या बांधून आणि व्यायाम करून सूज बरीच उतरली. आई पुन्हा कणीक मळायला लागली. हात पूर्वीसारखा मात्र झाला नाही. उन्हाळ्यात तो अजून फुगतो, आणि दर वेळी आम्ही तिघंही घाबरतो.