वहिनींच्या हातची काकडी

भाऊजींच्या कचेरीतला शिपाई आमच्या डोंबिवलीच्या घरी आला, तेव्हा मी भात वैरत होते. ठाण्याला, कोपरीच्या घरी बोलावलंय, एवढंच म्हणाला. पण चहा घे म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत येईना, तेव्हा मी काय ते समजले. इंदूवहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, काविळीनं गेल्या होत्या. चारच दिवसांपूर्वी मी त्यांना भेटून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात उठून बसण्याचं त्राण नाही, आणि मला विचारतात काय, तर काचघरातल्या वेलांना फुलं आली का. मी चिडलेच. म्हटलं, फुलं गेली खड्ड्यात, आधी पेज प्या. त्यावर हसल्या... ते हसणं शेवटचं.

हे काचघर म्हणजे आमच्या कोपरीच्या घराची एक गंमतच होती; तेव्हा आम्हीही तिथेच राहत होतो. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा भाऊजींनी काचेच्या जुन्या खिडक्या आणल्या. ठाण्याच्या पावसात काकडीचे वेल सडतात, म्हणून परसात त्या खिडक्यांचं छप्पर आणि भिंती केल्या. हवेसाठी झडपा ठेवल्या, आणि खारी-चिमण्या येऊ नयेत म्हणून झडपांवर बारीक जाळी ठोकली. बाकी सगळं वहिनींचं. पदर खोचून शेणखत, राख कालवायच्या, काथ्याच्या दोऱ्या वर बांधून वेल चढवायच्या, पाणी मुळाशीच घालायच्या, पानांवर थेंब उडू द्यायच्या नाहीत. एवढं करून बी मात्र त्यांनी लावायचं नाही. वहिनींना मूलबाळ नव्हतं, आणि बी लेकुरवाळीनं लावावं अशी सासूबाईंची रीत. म्हणजे माती त्यांनी मळायची, आणि माझ्या कडेवर एक, पदराला एक, म्हणून बी मी टोचायचं! मी एकदा सासूबाईंना विचारलं, की बियांना कुणाला किती मुलं ते कसं कळतं? सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वहिनी मात्र मलाच म्हणाल्या, जाऊ दे गं, वेल तर येतो ना.

वेल छपरापर्यंत आले. पिवळ्या फुलांनी काचघर भरून गेलं. पण काकडी एक धरेल तर शपथ! फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी दिसायची आणि पिवळी पडून गळायची. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, की हात इंदूचा, फळ धरणार कसं. वहिनींचं पाणी घालणं बंद झालं आणि झारी माझ्याकडे आली. माझ्या लेकुरवाळ्या हातानंही पुढच्या पंधरवड्यात तेच झालं, ते मात्र कुणाला दिसलं नाही. शेजारणी भाजी निवडताना हळूच विषय काढायच्या. वहिनी काचघराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. त्या दिवसांत त्यांचा चेहरा बघवत नसे.

मग एका कोपऱ्यातली काच तडकली आणि तिथून एक फांदी बाहेर गेली. कपडे वाळत घालताना वहिनींना वळचणीखाली त्याच फांदीला दोन चांगल्या हातभर काकड्या दिसल्या. मुळं तीच, माती तीच. त्या तिथेच उभ्या राहिल्या. बाहेरच्या फुलांवर मधमाश्या बसत होत्या, आत एकही नव्हती. जाळीनं खारींबरोबर त्यांनाही अडवलं होतं. भाऊजी म्हणाले, एवढंच ना, काढून टाकतो जाळी. वहिनी कधी नवऱ्यापुढे आवाज चढवायच्या नाहीत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाल्या, "जाळी राहू दे. फळ मीच धरवीन. या हातानं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंघोळ करून त्या आत जायच्या. नुसत्या देठावरचं नरफूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, आणि ज्या फुलामागे इवली काकडी असेल त्याच्या मधोमध हलकेच टेकवायचं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, हातानं पिकवलेलंच लागतं. त्या सकाळी वहिनींनी टोपलीभर काकड्या सासूबाईंपुढे ठेवल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी विळी ओढली आणि ऋषीच्या भाजीत पहिली काकडी स्वतः चिरली. पुढच्या ज्येष्ठात बियांची पुरचुंडी सोडल्यावर मी सवयीनं हात पुढे केला. सासूबाईंनी तो बाजूला सारला आणि म्हणाल्या, "इंदू, तू लाव." वहिनी बी लावून आत गेल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडले, आणि मला रडू सहसा येत नाही.

यंदाचं बीही त्यांनीच लावलं होतं. गेल्या आठवड्यात मी कोपरीला गेले, तेव्हा मनात म्हटलं, काचघरात आता काय उरलं असणार. पण परसदारी गेले तर आत सासूबाई. कमरेत वाकलेल्या, मोतीबिंदूनं डोळे गेल्यासारखेच. हातात पाकळ्या काढलेलं नरफूल. दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकेका फुलामागे काकडी चाचपत होत्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "इंदू म्हणायची, उन्हं चढायच्या आत करावं. मला मेलीला दिसत नाही... माझा हात धर."

मी त्यांचा हात धरला आणि फुलापाशी नेला.