पिंपातलं पाणी

धोंडीरामनाना म्हणजे माझे थोरले चुलते. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत ते दिंद्रुडला राधाकिशन शेटच्या जिनिंगमध्ये डायवर होते. लढाई संपल्यावर शेटनं फौजेतून निघालेली एक डिझेलची लॉरी घेतली होती. कापसाच्या गाठी भरून ती परळी ठेसनला जायची. नाना औरंगाबादेला एका मोटारखान्यात सात वर्षं काढून आलेले. नुसता आवाज ऐकून ते इंजिनाचं दुखणं सांगत, आणि ते बरोबर निघे. गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. पुढं म्हातारपणी ते मला म्हणायचे, "एकदा तरी आदी चुकाया पायजे होतो रे मी."

त्या वर्षी पौषात थंडी कडाक्याची होती. सकाळी हँडल मारलं की लॉरी पांढरा धूर सोडायची. थंड इंजिनात तेल नीट जळत नाही, म्हणून थोडा वेळ असा धूर येतोच. त्याला तेलाचा उग्र वास असतो, डोळे चुरचुरतात, आणि इंजिन तापलं की तो जातो. पण हा धूर जाईना. गाडी वाटेतल्या शिरसाळ्याच्या पुढं गेली तरी मागं पांढरा पट्टा दिसायचा. वासही नव्हता त्याला. एका सकाळी नानांनी धुराच्या नळीपुढं तळहात धरला. हात ओला झाला. तेलाचा ओशटपणा नव्हता, नुसतं पाणी होतं.

इथवर त्यांचं बरोबर होतं.

लॉरीच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत रोज सकाळी गरम पाणी ओतायचं काम जिनिंगमधल्या दगडाबाईकडं होतं. त्या आठवड्यात ती दोनदा म्हणाली होती, "धोंडीबा, तुजी गाडी लई पाणी पियाला लागली बघ. आदी तांब्याभर लागायचं, आता घागर रिती व्हती."

"इंजन तापलं की उडतंय पाणी," नानांनी उडवून लावलं.

पाणी कुठून आलं याचं उत्तर त्यांच्या मनात आधीच तयार होतं. डिझेलची पिंपं कोठी सांभाळणाऱ्या सिदूच्या ताब्यात असत. कोठीची किल्ली त्याच्या करदोड्याला. दिवाळीच्या सुमारास नानांनी आपल्या सासरच्या माणसांना गाठींवर बसवून जत्रेला नेलं होतं, आणि शेटनं विचारल्यावर सिदूनं ते खरं सांगून टाकलं होतं. शेट सगळ्यांसमोर नानांना बोलला होता. ते नानांच्या मनातून गेलं नव्हतं.

शेट जिनिंगच्या आवारात उभा होता. नानांनी त्याच्यापुढं हात धरला. "हे बगा, पाणी. तेलात पाणी घातलंय कुणीतरी. तेल भाईर जातंय आन पिंप पाण्यानं भरतंय."

"किल्ली कुनाकडं हाय?" शेटनं विचारलं.

सगळ्यांनी सिदूकडं बघितलं. तो पुढं आला. आवाज चढवला नाही त्यानं. "नाना, काचंच्या बाटलीत तेल काढू. उनात ठिवू घटकाभर. पाणी आसंल तर तळाला बसंल. सगळ्यांदेखत बगू."

"मला शिकवतो का बे?" नाना म्हणाले. "वीस वर्सं झाली या धंद्यात. मी बाटली बगू?"

आठ-दहा वर्षांची वीस झाली होती. बाटली कुणी आणली नाही. सिदूनं करदोड्याची किल्ली सोडली, शेटच्या पायाशी ठेवली आणि तो फाटकाबाहेर गेला. चारच दिवसांत बायकोला घेऊन तो सासुरवाडीला, नेकनूरला निघून गेला.

परळीहून नवं, शिक्का लावलेलं पिंप आलं. नानांनी लॉरीतलं सगळं जुनं तेल काढलं, नवं भरलं. दुसऱ्या सकाळी धूर तसाच. तेव्हा त्यांनी एकट्यानं, कोठीमागं जाऊन, काढलेलं तेल बाटलीत भरून उनात ठेवलं. तासाभरानं पाहिलं. तळाला थेंबभरही पाणी नव्हतं.

मग त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. तीन पिस्टन काजळीनं काळे होते. चौथा पाण्याच्या वाफेनं धुतलेला, घासून ठेवलेल्या भांड्यासारखा लख्ख. त्याच्या बाजूला ग्यासकेट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी चकती, फाटलं होतं, आणि टाकीतलं पाणी तिथून आत झिरपत होतं. दगडाबाईच्या घागरी जात होत्या त्या इथं.

"काय निगालं?" शेटनं विचारलं.

"ग्यासकेट गेलंय. काल-परवाच गेलं आसंल." नाना एवढंच बोलले, बाटलीचं दडवलं.

हे मला सांगताना नाना "त्ये पाणी मला सिदूच्याच पिंपातलं पायजे व्हतं," म्हणायचे. "कशापायी, ते तुला सांगितलंच."

चार महिने त्यांनी तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं तर आपला शब्द जाईल याची भीती. जेवण जाईना. वैशाखात एक दिवस त्यांनी नेकनूर गाठलं. सिदू घरी नव्हता, गोदावरीकाठी गंगाथडीला कामाला गेला होता. त्याची बायको बायनाबाई दारात शेणानं सारवत होती. नानांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बाटलीसकट.

ती हात धुऊन आली. ओरडली नाही. म्हणाली, "तुमी आलात त्ये बरं केलं, दादा. पर लोकांचं सोडा. धोंडीराम डायवर म्हनतो म्हंजी खरंच आसंल, आसं मलाबी वाटलं. मीच त्येला म्हनले, घेतलं आसंल तर मला तरी सांग. त्यानं माज्याकडं नुसतं बगितलं. तवापसून त्यो घरात लागंल तेवडंच बोलतो."

 नाना पाणी न पिता तसेच माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी गाठी भरायच्या वेळेला, सगळी माणसं आवारात असताना, नानांनी शेटपुढं उभं राहून सांगितलं, सिदूचा कसूर नव्हता, माझा होता.  शेटनं नानांच्या हातातून लॉरी काढून घेतली आणि सिदूला बोलावणं पाठवलं.

सिदू आला नाही. त्यानं निरोप धाडला की किल्ली आता दुसऱ्याच्या कमरेला बरी. पावसाळ्यानंतर तो जालन्याकडं गेला. बायनाबाईही त्याच्याबरोबर गेली, संसार मोडला नाही, हे नानांना बीडच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी नाना घरी येऊन पोटभर जेवले. जालन्याला जाऊन सिदूची माफी मागायचं मात्र ते दर वर्षी पुढं ढकलत राहिले. सिदू वारला हे कळलं तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.