आईची ट्रेकची उशी

ट्रेकला उशी न्यायची असते, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. कॉलेजपासून मी सह्याद्रीत फिरते आहे. झोपायच्या वेळी जॅकेटची गुंडाळी करायची, ती स्लीपिंग बॅगच्या पिशवीत कोंबायची आणि वर डोकं टेकायचं. जॅकेटची चेन कानाला टोचायची, सकाळी गालावर तिचा ठसा उमटलेला असायचा. कुणी सॅकमध्ये उशी आणलीच तर आम्ही त्याला दिवसभर चिडवायचो. मी उशीचा गंभीरपणे विचार करायला लागले ती आईमुळे.

आई नवी मुंबईत, पावण्याच्या एका गारमेंट कारखान्यात शिलाईला होती. कोपरखैरण्याहून ती सकाळी चालत निघायची आणि संध्याकाळी चालतच परत यायची. काम सुटलं, पुढे बाबा गेले, भाऊ नोकरीसाठी पुण्याला राहायला गेला आणि घरात आम्ही दोघीच उरलो. तिच्या पायांना चालायची सवय होती, पण जायला ठिकाण नव्हतं. मग ती सेक्टरमधल्या उद्यानात फेऱ्या मारायला लागली. तिथल्या बायका मंद चालतात म्हणून वैतागायची. एका पावसाळ्यात मी तिला एका दिवसाच्या ट्रेकला घेऊन गेले. ती माझ्या पुढे चढली. खाली उतरल्यावर बसमध्ये बसता बसता म्हणाली, "तू ते हिमालयात जाती, तितं मला का नेत न्हाईस?"

आमचं मूळ गाव परभणीकडचं. इतकी वर्षं इथे काढून आईची बोली तिकडचीच राहिली आहे.

मी म्हटलं, "नेते की."

चढणीची मला काळजी नव्हती. काळजी होती तिच्या मानेची. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून तिची मान धरली होती आणि उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. वाशीला ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी तिला न्यायचे, त्यांनी तिला कशा झोपता ते पलंगावर झोपून दाखवायला सांगितलं. आई कुशीवर वळली आणि दंड डोक्याखाली घेतला. घरीही ती अशीच झोपायची, जमिनीवर चटई टाकून, हाताची उशी करून.

"काकू, हे आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "तुमचा हात तुम्हीच दाबून ठेवता. उशी घ्यायची. कान आणि खांदा यांच्यामध्ये जेवढी जागा राहते ना, तेवढीच जाड."

"मला उशी लागत न्हाई," आई म्हणाली.

"तुम्हाला नाही, मानेला लागते."

मी हिमालयाचं विचारलं. बाईंनी आईला हात वर करायला लावले, मान वळवून बघितली आणि म्हणाल्या, जायला हरकत नाही, पण तंबूतसुद्धा नीट उशी हवी. गुंडाळलेलं जॅकेट चालणार नाही.

तेव्हा मी शोधाला लागले. मी तुर्भ्याला एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे, त्यामुळे एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की आधी तिची तपासणी कशी करायची हे डोक्यात येतं. सॅक आईच्या पाठीवर असणार होती, म्हणजे उशी हलकी हवी. घडी मुठीत मावायला हवी. कुशीवर झोपणाऱ्या माणसाला पुरेल एवढी उंच हवी. आणि घामाने गालाला चिकटायला नको. मला वाटलं होतं, अशी उशी शोधायला एक संध्याकाळ पुरेल.

खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात आम्ही रविवारी गेलो. तिथे तऱ्हा बऱ्याच होत्या. तोंडाने फुगवायची हवेची उशी, दाबून गुंडाळायची फोमची, आत हवा आणि वर फोमचा पातळ थर असलेली. मी वजनं वाचत उभी होते. आईने एकेक उशी दोन्ही हातांनी दाबून बघितली, शिवण तपासली, मग माझ्याकडे पर्स दिली, चपला काढल्या आणि दुकानात मांडून ठेवलेल्या मॅटवर सरळ आडवी झाली.

दुकानातली मुलगी धावत आली. "आंटी, इधर लेटना अलाउड नहीं है."

आई झोपल्या झोपल्याच म्हणाली, "बूट घालून बघतात ना लोकं? मग उशीवर झोपून नको बघू?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. तिने जाऊन तिच्या साहेबांना बोलावलं. तो तरुण माणूस होता. त्याने आईकडे बघितलं, हसू दाबलं आणि म्हणाला, "बघू दे त्यांना. पण मॅटच्या प्लास्टिकवर पाय नका देऊ, काकू." एवढंच नाही, आतून आणखी दोन उशा फुगवून आणून दिल्या. थोड्या वेळाने एका उंच गृहस्थांनी आईला विचारलं, "तुमचं झालं की मी जरा बघू का?" मग त्यांच्या बायकोनेही झोपून बघितलं.

आईचा निकाल असा होता: फोमची झोपायला सगळ्यात बरी, पण गुंडाळली तरी मोठ्या दुधीभोपळ्याएवढी. तिने अर्धी सॅक खाल्ली असती. हवेची मुठीत मावत होती, पण पूर्ण फुगवली की डोकं चेंडूवर ठेवल्यासारखं डुगडुगायचं. हवा कमी केली की मऊ व्हायची, पण मग कानाखाली उंची उरायची नाही. "ही डोक्याखाली ऱ्हात न्हाई, पळती," आई म्हणाली. शेवटी आम्ही एक हवेची उशी घेतली, मधोमध खळगा असलेली आणि वरचं कापड जरा खरबरीत असलेली. घरी आल्यावर मी ती फुगवून बादलीत बुडवली. बुडबुडे आले नाहीत.

पंधरवड्यानंतर प्रबळमाचीला तंबूत राहायचं ठरलं. पनवेलजवळची ती जागा सोपी, गाव आहे, काही झालंच तर परत यायला वेळ लागत नाही. सकाळी मी उठले तेव्हा आईचं डोकं नेहमीसारखं दंडावर होतं आणि उशी तंबूच्या कोपऱ्यात, माझ्या पायाशी पडली होती. मॅट गुळगुळीत, उशीचा तळ गुळगुळीत, तंबू जरासा उतारावर. दुसरं काय होणार? आई बाहेर येऊन बुटाची नाडी बांधायला बसली आणि तिला गाठ मारता येईना. बोटं बधिर झाली होती. ती बोटं झटकत बसली, मी वाकून नाडी बांधली.

उतरताना मी म्हटलं, "आई, हिमालयाचं राहू दे या वर्षी. हे आठवडाभर असं झालं तर?"

ती थांबली. मागून येणाऱ्या दोघांना तिने वाट दिली आणि ते पुढे गेल्यावर म्हणाली, "उशी नीट न्हाई म्हणून मी नको? उशी बदल की."

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती चिडली होती. पायथ्यापर्यंत ती माझ्या पुढेच चालत राहिली.

घरी आल्यावर जेवणं झाली आणि मी दिवाणखान्यात मॅट अंथरली. तिच्यावर उशी ठेवून दोघी बघत बसलो. मी तिला म्हटलं, "तुला झोपेत हात खाली घ्यायची सवयच आहे. कधीपासून झोपतेस गं अशी?"

"लगीन झाल्यापासून."

"त्याच्याआधी?"

"माहेरी होती की उशी. चिंध्यांची. मीच भरलेली." ती मॅटची कड सारखी करत होती. "हितं आलो तवा सिडकोची एक खोली. उशा दोन. एक तुझ्या बापाची, रातपाळी करून यायचा माणूस. दुसरी तुम्हा दोघांत. आन् गावाकडनं कुणी ना कुणी आलेलं असायचंच. कुणी नोकरी बघायला, कुणी दवाखान्याला. त्यांना काय बिनउशीचं झोपवायचं? मग मी म्हणायची, मला लागत न्हाई. म्हणता म्हणता खरंच लागंना."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. एखाद्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. पुढे घरात पलंग आला, सोफा आला, कपाटाच्या वरच्या खणात पाहुण्यांसाठी उशा आल्या, त्या तिनेच निवडून आणल्या होत्या. मी उशी मॅटवर दाबून धरली. मी विचारलं, "मॅटभोवती इलॅस्टिक लावून उशी त्यात अडकवली तर?"

"लावू," ती म्हणाली आणि घरातल्या शिलाई मशीनवरचं झाकण काढलं.

पहिला प्रयत्न फसला. इलॅस्टिक घट्ट झालं आणि त्यामुळे मॅटच दोन्ही कडांनी वर उचलली गेली. आई होडीत झोपल्यासारखी दिसायला लागली. आम्ही दोघी हसलो, टाके उसवले. दुसऱ्या वेळी इलॅस्टिक सैल धरलं, पण उशी आडवी सरकतच होती. मी ऑफिसमधून जाळीदार रबरी कापडाचा तुकडा आणला, बाटल्या घसरू नयेत म्हणून ट्रेमध्ये घालतात ते. आईने उशीला खोळ शिवली आणि तो तुकडा तिला खालून लावला. उशी बसली.

उंचीचा प्रश्न अजून होता. हवा कमी ठेवली तरच आईला ती सोसायची, आणि कमी ठेवली की उंची कमी पडायची. शेवटी असं ठरलं की खोळीला दोन कप्पे करायचे. वरच्यात अर्धवट फुगवलेली उशी, खालच्यात घडी घातलेला स्वेटर. स्वेटर तसाही न्यायचाच होता, म्हणजे ओझं वाढत नव्हतं. हवा मऊपणा देणार आणि स्वेटर उंची. वरचं कापड माझ्या जुन्या टी-शर्टचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तयार झाल्यावर मी खोळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एका संत्र्याएवढंही वजन नव्हतं.

आई त्यावर कुशीवर झोपली. मी तिच्या मागे गुडघ्यावर बसून मान आणि पाठ एका रेषेत आहे का ते बघितलं.

"हलकी हाय," ती म्हणाली. मग डोळे मिटून जरा वेळ तशीच पडून राहिली. "चांगली हाय."

पुढे ती घरातही रोज त्याच उशीवर झोपायला लागली. सराव म्हणून, असं ती सांगायची. एके दिवशी मी फिजिओथेरपिस्ट बाईंना त्या उशीचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

उन्हाळ्यात आम्ही उत्तराखंडला गेलो. पहिल्या दोन मुक्कामांना काही अडचण आली नाही. तिसरा मुक्काम उंचावरच्या कुरणात होता आणि थंडी एकदम वाढली. सकाळी आई म्हणाली, उशी खाली बसली. मला वाटलं, भोक पडलं. बादली नव्हती, म्हणून मी ती गालाशी धरून हवा लागते का बघितलं. काही लागेना. आमच्या गटाच्या वाटाड्याने विचारलं, "गरम साँस भरी थी न? ठंड में सिकुड़ जाती है." त्याने सांगितलं, झोपायच्या थोडं आधी भरून ठेवा, हवा निवली की वरून आणखी एक-दोन फुंका. मी क्वालिटीवाली असून हे आधी सुचलं नव्हतं, पण ते डोंगरात राहिल्याशिवाय सुचण्यासारखंही नव्हतं. आम्ही तसं केलं आणि उशी टिकली.

आमच्या गटात पुण्याच्या तीन मैत्रिणी होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्या हवेच्या उशा रोज तंबूभर फिरत. दुपारी उन्हात पांघरुणं टाकली होती तेव्हा त्यांनी आईची खोळ उलटीपालटी करून बघितली. त्यांतली एक म्हणाली, "काकू, आम्हाला तीन शिवून द्या ना. काय घ्याल ते घ्या."

आई म्हणाली, "न्हाई. शिवायचं लई झालं माझं. मी फिरायला आले." त्यांना वाईट वाटलेलं तिच्या लक्षात आलं असावं, कारण मग तिने काडीने मातीत खोळीची आकृती काढली आणि कुठे किती सोडायचं, इलॅस्टिक कुठे धरायचं ते सगळं समजावलं. त्यांतल्या एकीने मातीचा फोटो काढला.

ज्या दिवशी सगळ्यात उंच खिंड गाठून छावणीत परत यायचं होतं, त्या दिवशी अंधारात निघायचं होतं. मी तयार झाले आणि आईला हाक मारली. ती उठून बसली, बाहेर बघितलं, बूट हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"तू जा. मी झोपते आज."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय. झोप चांगली लागलीय. मोडायची न्हाई."

मी वाटाड्याला सांगितलं. त्याने तिची नाडी बघितली, डोकं दुखतंय का विचारलं, आणि म्हणाला, राहू दे. छावणीत स्वयंपाकाची माणसं होतीच. तरी पहिली चढण चढताना माझं लक्ष मागे होतं. खिंडीत पोहोचलो तेव्हा वारा एवढा होता की आम्ही फोटो काढून लगेच उतरलो.

परत आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई स्वयंपाकाच्या तंबूबाहेर दगडावर बसून चहा पीत होती. केस विंचरलेले नव्हते. स्वयंपाकी मला म्हणाला, "माताजी अभी अभी उठी हैं. हमने दो बार चाय गरम की."

मी तिच्यापाशी बसले, बूट काढले.

"गेलीस का वर?" तिने विचारलं.

"गेले. खूप वारा होता."

"दिसलं काही?"

"पलीकडचे डोंगर. सगळा बर्फ."

तिने मान हलवली. स्वयंपाक्याने मला चहा आणून दिला. आई पेल्याभोवती दोन्ही हात धरून समोरच्या उतारावर चरणाऱ्या मेंढ्या बघत होती. थोड्या वेळाने तिने जांभई दिली, शाल अंगाभोवती ओढली आणि म्हणाली, "मी आनखी जरा पडते," आणि तंबूत गेली.