भोरडीचं पिल्लू

निघायच्या दिवशी सासूबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. मी पाया पडले, तर सुपावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "पाखरं पाहाले येवढ्या दूर जाऊन राहिली? अथी का कमी हायेत?"

"इथं भोरडीचं पिल्लू दिसत नाही, आई," मी म्हणाले.

"भोरडीले पिल्लूच नसते, तं दिसंन कुठून?" असं म्हणून त्यांनी सूप आपटलं. आमच्या ह्यांनी माझी बॅग स्कूटरवर ठेवली आणि आम्ही बाळापूरच्या स्टँडकडे निघालो. अकोल्याहून दिल्लीची गाडी पकडायची होती.

ब्लॉगचं नाव 'भोरडीची वही' का, असं तुम्ही वाचक मला सारखं विचारता आणि मी दर वेळी काहीतरी उडवाउडवी करते. आज सांगते, नाहीतर हा प्रवास तुम्हाला कळायचा नाही. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाचं, काळ्या डोक्याचं, साळुंकीएवढं पाखरू. पुस्तकात तिला पळसमैना म्हणतात. पावसाळा सरत आला की भोरड्या थव्यानं येतात, ज्वारीवर तुटून पडतात आणि पळस फुलून गेला की एक दिवस दिसेनाशा होतात. त्यांचं घरटं, अंडं, पिल्लू गावात कोणी कधी पाहिलं नाही. म्हणून आमच्याकडे मूल न झालेल्या बाईला भोरडी म्हणतात.

लग्नानंतर सहा-सात वर्षं मी 'मोर्शीवाली' होते, कारण माहेर मोर्शीचं. मग एकदा सासूबाई विहिरीवर चारचौघींत म्हणाल्या, "आमच्या घरी तं भोरडी आली बापा." त्या दिवसापासून तेच नाव झालं. इंदू हे नाव रेशनकार्डावर आणि शाळेच्या हजेरीपटावर उरलं. मी पुष्कळ रडले, पुष्कळ भांडले, आणि शेवटी हट्टाला पेटले. शाळेत शिकवता शिकवता कॅमेरा घेतला, पाखरांचे फोटो काढायला लागले, ब्लॉग सुरू केला आणि नाव मुद्दाम तेच ठेवलं. वाचता वाचता कळलं की भोरड्या उन्हाळ्यात कझाकस्तानाकडे दगडांच्या ढिगांत अंडी घालतात. त्याच सुमारास माझ्या भावाची मुलगी तेजू अमरावतीहून डॉक्टरकी शिकायला अल्माटीला गेली. मी ठरवलं. पिल्लाचा फोटो काढायचा आणि सासूबाईंच्या हातात ठेवायचा. मला त्या देशातलं दुसरं काही नको होतं.

अल्माटी पहिल्यांदा दिसलं ते विमानाच्या खिडकीतून. जून संपत आलेला, अकोल्यात पाऊस लांबून जीव नकोसा झालेला, आणि खाली शहराच्या पाठीशी बर्फाचे डोंगर. तेजू विमानतळावर गळ्यात पडली. "आत्या, तू खरंच आली वं," एवढंच ती तीन वेळा म्हणाली.

शहर मोठं देखणं. रस्ते रुंद, झाडं उंच, आणि रस्त्याच्या कडेनं वाहते पाट. त्यांना तिथं अरीक (डोंगराचं पाणी शहरभर फिरवणारा पाट) म्हणतात. संत्र्याच्या बागेत पाटानं पाणी सोडतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे पहिल्याच चौकात खाली बसून पाण्यात हात घातला. तेजू इकडंतिकडं पाहू लागली. पाणी असं गार, की बोटं बधिर झाली.

तेजू आणखी दोन वऱ्हाडी पोरींबरोबर राहत होती. त्यांच्याकडेच माझा मुक्काम. मी नेलेला मिरचीचा ठेचा त्यांनी तिथल्या लेप्योश्काबरोबर (जाड तंदुरी रोटी) दोन दिवसांत संपवला. मला बाउरसाक (तळलेल्या मैद्याच्या फुगीर गोळ्या) आवडले. कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. एक घोट घेतला, दुसरा घेतला नाही.

पहिल्या सकाळी कॅमेरा घेऊन बागेत गेले, तर समोर आपली साळुंकी. तोच पिवळा डोळा, तोच भांडखोर स्वभाव. हौसेनं फोटो ब्लॉगवर टाकला. अकोल्याच्या एका वाचकानं लगेच लिहिलं, "इंदूताई, साळुंकी दाखवाले कझाकस्तानात काऊन गेल्या? आमच्या गच्चीवर हायेत नं." मी उत्तर दिलं, थांबा जरा.

गाडीचं तेजूनं ठरवून ठेवलं होतं. मारात-अगा (अगा म्हणजे मोठा भाऊ) हे साठीचे गृहस्थ, पूर्वी बस चालवायचे. भोरड्या दर वर्षी कुठं बसतात हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला शहराबाहेर नेलं. डोंगर मागे पडले आणि सपाट माळ सुरू झाला. वाळलेलं गवत, दूरवर घोडे, तारांवर नीलपंख. दोन तासांनी एका जुन्या दगडखाणीशी थांबलो.

तिथं एकही पाखरू नव्हतं. दगडांच्या फटीत गेल्या वर्षीच्या काड्या तेवढ्या होत्या. वारा असा सुटला की लेन्सवर धुळीचा थर बसला, आणि परत निघालो तर चाक पंक्चर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

चाक बदलून झाल्यावर मारात-अगांनी थर्मासमधला चहा ओतला आणि रोटी मोडून दिली. तेजू त्यांचं रशियन मला मराठीत सांगत होती. भोरड्या टोळांच्या मागे फिरतात. ज्या वर्षी जिथं शेगिर्तके (टोळ), तिथं त्यांची घरटी. त्यामुळे जागा दर वर्षी बदलते.

"आत्या, ते म्हणून राहिले का इथले लोक यांची वाट पाहतात," तेजू म्हणाली. "भोरड्या आल्या का टोळ संपला, गवत वाचलं. कोणी दगडाच्या ढिगाले हात लावत नाही."

वीस वर्षं मी आणि सासूबाई माळ्यावर (शेतातल्या मचाणावर) उभ्या राहून याच पाखरांना गोफणीनं हाकलत होतो. माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला होता, आणि ती एकच गोष्ट त्या माझ्याबद्दल चांगली बोलत.

मग मारात-अगांनी मला थेट विचारलं, "बाला?" आणि बोटं वर करून 'किती' अशी खूण केली. बाला म्हणजे मूल. तेजू कावरीबावरी झाली. मी म्हणाले, "सांग त्यांना, नाही. मला मूल नाही." त्यांनी मान हलवली, माझ्या पुढ्यात रोटीचा आणखी एक तुकडा ठेवला आणि उद्यापासून ओळखीच्या मेंढपाळांना फोन लावतो म्हणाले. तिकडं तो विषय तेवढ्यावरच संपला. मला फार बरं वाटलं.

दोन दिवस फोनची वाट पाहण्यात गेले. मी शहरातली झाडं टिपली, बाजारातले जर्दाळू टिपले, पण जीव कशात नव्हता. परतीच्या तिकिटाला दोन दिवस उरले असताना मारात-अगांचा निरोप आला. इली नदीच्या पलीकडे नव्या रस्त्यासाठी आणलेल्या खडीच्या आणि दगडांच्या ढिगात भोरड्या बसल्या आहेत.

सकाळी नऊला पोचलो. ढीग घराएवढा होता आणि त्याच्या फटीफटीतून आवाज येत होता. मी गुडघ्यावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला. इतक्यात डोक्यावर तो आवाज आला. सळऽऽ असा, वाऱ्यानं ज्वारी वाकावी तसा. थवा येत होता, शेकडो पाखरं, चोचीत टोळ धरलेले. आणि माझे हात आपोआप वर गेले. टाळी वाजली. घशातून पूर्ण जोरानं निघालं, "हाऽऽ हो! हाऽऽ हो!"

थवा जसा आला तसा वळला. ढिगातली पाखरंही उठली. एका क्षणात आभाळ भरलं आणि रिकामं झालं.

"आत्या, काऊन ओरडली तू?" तेजू जवळजवळ रडकुंडीला आली. मारात-अगा तोंड उघडं टाकून माझ्याकडे पाहत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वीस वर्षांची सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. इथवर हट्टानं आले आणि माझ्याच तोंडानं सगळं घालवलं.

आम्ही थांबलो, पण आई-बाप दूर तारांवर बसून राहिले. ऊन चढत होतं, दगड तापत होते, आत पिल्लं भुकेली. मारात-अगा म्हणाले, निघू या, आपण आहोत तोवर त्या उतरणार नाहीत. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान, आणि तेजूची सकाळी तोंडी परीक्षा. "आत्या, जाऊ दे नं आता," ती म्हणाली. मी म्हणाले, "तू परीक्षा दे. मी जाते." मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी, पण सहा वाजता मारात-अगा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं. मी ओढणीचं टोक चोचीत धरल्यासारखं दातांत धरून दाखवलं. ते खूप हसले.

या वेळी त्यांनी गाडी ढिगापासून बरीच दूर लावली आणि माझी बाजू ढिगाकडे ठेवली. मी काच खाली केली, ओढणी दातांत घट्ट धरली आणि बसले. एक तास गेला. दुसरा गेला. थवा तीनदा आला आणि तीनही वेळा माझे हात वर जाऊ लागले. तिसऱ्या वेळी मारात-अगांनी माझं मनगट धरून ठेवलं. घाम डोळ्यांत जात होता, पाय मेले होते. मी मनात एकच म्हणत होते, आज फोटो घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही, विमान गेलं तर जाऊ दे.

तिसऱ्या तासाला एक भोरडी समोरच्या दगडावर उतरली. चोचीत हिरवा टोळ. फटीतून तीन पिवळी तोंडं एकदम बाहेर आली. मी बटण दाबत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओढणी तोंडात असल्यामुळे हुंदकाही नीट देता येत नव्हता. मारात-अगा हळूच म्हणाले, "बालापान." पिल्लू.

मग त्यांनी थोडं उजवीकडे बोट दाखवलं. उडता येऊ लागलेलं एक पिल्लू दगडावर येऊन बसलं होतं, पंख थरथरवत, तोंड उघडून. ते गुलाबी नव्हतं. मातकट, फिक्या चोचीचं, अंगावर काळ्या-गुलाबीचा पत्ता नाही. मी कॅमेरा खाली केला. हे पाखरू मी शेकडो वेळा पाहिलं होतं. आमच्या शेतात भोरड्यांबरोबर हे येतं. गावात त्याला मातकी म्हणतात. सगळे समजतात, वेगळं पाखरू आहे, भोरड्यांच्या मागं लागून आलंय. काखेत कळसा नि गावाला वळसा. भोरडी दर वर्षी आपली लेकरं आमच्याच शेतात आणत होती आणि आम्ही त्यांनाही गोफण मारत होतो. एवढ्यात एक भोरडी त्या पिल्लाशेजारी उतरली, तिनं त्याच्या तोंडात टोळ कोंबला, आणि मी पुन्हा कॅमेरा उचलून दोघांचा फोटो घेतला.

विमान मिळालं. निरोप घेताना मी मारात-अगांना त्यांच्या भाषेत "रहमत" म्हणाले. आभाराचा शब्द तेवढा शिकले होते.

बाळापूरला पोचले त्याच दिवशी ह्यांनी अकोल्याहून फोटो मोठे करून आणले. मी ते सासूबाईंच्या हातात ठेवले. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी त्यांनी फोटो उजेडात धरला.

"हे तं मातकी हाय," त्या म्हणाल्या.

"मातकीच आहे. भोरडीचं पिल्लू आहे ते, आई. बाजूला त्याची माय पाहा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग फोटो उशाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "असंन." बस, एवढंच. मला इतका संताप आला, की मी आत जाऊन भांडी आदळली. हे मागोमाग आले आणि म्हणाले, "तू तुयं काम केलं नं? मंग." त्यांच्या स्वभावाला हेच पुष्कळ होतं.

शांत झाल्यावर मलाही कळलं की पिल्लू भोरडीचं होतं, माझं नव्हतं. मला मूल नाही, ते या फोटोनं बदललं नाही. पण ते शिवीसारखं माझ्या अंगावर फेकलं गेलं होतं आणि मला ते तसं नको होतं. मारात-अगांना सांगितलं तसं, सरळ सांगता आलं तर मला चालतं. पुढचे दोन महिने सासूबाईंनी मला कोणत्याच नावानं हाक मारली नाही. भोरडी म्हणाल्या नाहीत, मोर्शीवालीही नाही. नुसतं "अवं" म्हणत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत कणीक मळत होते. ओट्यावरून आवाज आला, "इंदू." मला आधी कळलंच नाही कोणाला बोलावतात ते.

"इंदू, भायेर ये. भोरड्या आल्या, पाह्य. लेकरं घिऊन आल्या."

कणकेच्या हातानंच बाहेर गेले. विजेच्या तारेवर थवा बसला होता, गुलाबी पाखरांमध्ये मातकट पाखरं. सासूबाईंनी ओट्यावर थोडं सरकून जागा केली, आणि मी त्यांच्या शेजारी बसले.