जावयाने उघडलेली गाडी

सासूबाईंची गाडी बंद पडलेली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. निळा धूर ओकायची, चढावर कण्हायची, पण चालायची. ती उघडायची हौस जावयाची.

जावई टेलर. इंजिनाचं वेड लहानपणापासूनचं, पण हात लावायला इंजिन कधी मिळालं नव्हतं. "एकदा पिस्टनच्या रिंगा बदलू या, आई. गाडी नवी होईल," असं तो म्हणत राहिला. सासूबाई नको म्हणत राहिल्या. एके दिवशी त्या नुसत्याच गप्प बसल्या आणि त्याने तो होकार धरला.

सासूबाई जन्मभर सुईण होत्या. याच गाडीने त्यांनी घरोघरची बाळंतपणं केली आणि स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. काम सुटल्यावर गाडीला एकच फेरी उरली, पलीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीकडे. इंजिन उघडल्यापासून तीही शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवर. "मागच्या सीटवर ठेवतात मला, भाजीच्या पिशवीसारखं," त्या म्हणत. म्हणत लेकीला, पण जावयाला ऐकू जाईल अशा बेताने.

इंजिन पोर्चमध्ये, दुकानातल्या जुन्या कटिंग टेबलावर मांडलं होतं. बोल्ट बटणांच्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोवलेले. शर्टाचे तुकडे बांधून ठेवावेत तशी शिस्त. चूक झाली ती पिस्टनच्या दांड्यांपाशी. दांडे चार. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला अर्धगोल टोपी बोल्टने बसते आणि दोघं मिळून क्रँकशाफ्टला, इंजिनाच्या फिरत्या कण्याला, कवेत घेतात. टोप्या दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक टोपी आपल्याच दांड्याबरोबर घासून गोल केलेली असते. अदलाबदल झाली तर शाफ्ट आवळला जातो, जळतो आणि इंजिन कायमचं बसतं. या गाडीचे सुटे भाग निघणं केव्हाच थांबलं होतं, म्हणजे गाडीही गेली असती. हे सगळं टेलरला ठाऊक होतं. म्हणून त्याने खुणा केल्या, खिशात नेहमी असतो त्या खडूने.

टेलरच्या खडूचा गुण एकच. काम झालं की तो निघून जातो.

त्या दुपारी तो दुकानातून जेवायला आला, तर पोर्चमध्ये पांढऱ्या टॉवेलवर दांडे आणि टोप्या चकाकत होत्या. आधी उकळलेल्या, मग सोड्याने घासलेल्या.

"केवढं काजळ होतं त्यावर!" सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "म्हटलं, तेवढीच मदत."

टेलर स्टुलावर बसला. "आई, त्यावर खुणा होत्या."

"खुणा कसल्या? खडूचे फराटे होते. पाण्यात टाकताक्षणी गेले."

"त्यावरून कळणार होतं, कुठली टोपी कुणाची ते."

सासूबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्या उसळल्या. "जुळी झाली तर मी बाळांवर खडूने लिहीत होते का, जावईबापू? मनगटाला दोरा बांधायचे! रंगीत! दोन रंगांचा!"

"चुकलंच माझं."

"चालत होती गाडी. धूर सोडत का होईना, चालत होती."

टेलरची बायको दारात उभी होती. "अहो, आता जोड्या जुळवा म्हणजे झालं."

"चार टोप्या, चार दांडे. चुकीची जोडी लागली की संपलं," टेलर म्हणाला. जेवायला कुणी उठलं नाही. त्याने एक टोपी उचलून एका दांड्याला लावून पाहिली, मग दुसऱ्याला. दोन्हीकडे सारखीच बसल्यासारखी वाटत होती.

"घासायला मी काही कमी केलं नाही," सासूबाईंचा आवाज उतरला होता. "तारेच्या काथ्याने घासलं. ते ठिपके तेवढे निघेनात."

"कसले ठिपके?"

"ते काय, कडेला. हिला दोन आहेत. गंजाचे असतील."

टेलरने टोपी उजेडात धरली. कडेला खिळा ठोकून पाडल्यासारखे दोन खोल ठिपके होते. दुसरीवर तीन. आधी कधीतरी हे इंजिन उघडणाऱ्या मेकॅनिकने पंच मारून ठेवला होता आणि वर तेलाचं जळकं पुट चढलं होतं. टेलर दांडे एकेक करून फिरवून बघू लागला. एक ठिपका, तीन, चार. शेवटच्यावर दोन, हातातल्या टोपीवर होते तेवढेच.

"आई," तो म्हणाला, "असंच घासत जा."

"म्हणजे जमलं?"

"अजून नाही. फिरवून बघायला हवं."

जोडणी पुढच्या सुट्टीला झाली. एकेक टोपी कसायची, हाताने शाफ्ट फिरवायचा, मग पुढची. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या. चौथी कसल्यावर टेलरने जोर लावला आणि शाफ्ट शिलाई मशीनच्या चाकासारखा गर्रकन फिरला. सासूबाईंनी श्वास सोडलेला बायकोला आतल्या खोलीत ऐकू आला.

इंजिन गाडीत चढून सुरू व्हायला पुढे बरेच दिवस गेले. सुरू झाल्यावर आधी पांढरा धूर आला, मग कुठलाच नाही. टेलरने तेल पाहिलं, पाणी पाहिलं, आवाज ऐकला. जवळपास फिरवून आणली. नंतर किल्ली सासूबाईंच्या हातात दिली.

"पहिली लांबची फेरी आहे. मी येऊ का बरोबर?"

"कशाला? धक्का मारायला?"

त्या एकट्याच गेल्या. टेलरने दुकान उघडलं, एक पँट उलटी कापली आणि कात्री खाली ठेवली. फोन आला तेव्हा तो दारात उभा होता.

"पोचले," सासूबाई म्हणाल्या. "चढावर दुसऱ्या गिअरमध्ये सुद्धा यावं लागलं नाही." आणि वर, "हॉर्न तेवढा घोगरा वाटतोय."

"बघतो मी."

"खबरदार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.